भिमाची भट्टीपाशची जागा

गेल्या आठवड्यात परतवाड्याच्या बाजारात भिमा भेटली… आणि तेव्हापासून जिवाला चैन नाही.

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या काठी आमचा काचमण्यांचा छोटा कारखाना आहे. फुटक्या बांगड्यांची काच वितळवायची, तारेवर गुंडाळून मणी करायचे, माळा ओवायच्या. भट्टीपाशी बसणाऱ्या आम्ही सगळ्या घरी कुणाला नको असलेल्या बाया… कुणी विधवा, कुणी नवऱ्यानं टाकलेली.

भिमालाही नवऱ्यानं टाकलं होतं. आली तेव्हा मान वर करून बोलत नव्हती. पुढे तिच्या निळ्या मण्यांसाठी अमरावतीच्या बायका निरोप पाठवू लागल्या, आणि तिचं हसणं गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू यायचं.

मग तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला आणि आपल्या कापसाला सोन्याचे दिवस आले. भिमाच्या भावानं परतवाड्याला दुमजली घर बांधलं, बैलांच्या शिंगांना चांदी चढवली… आणि बहिणीला न्यायला आला. "माही बईन भट्टीपाशी बसून राह्यली, लोकं काय म्हनतीन?"

इतकी वर्षं ज्यानं साधी विचारपूस केली नव्हती, तो भाऊ स्वतः दारात आला. आम्हाला वाटलं, पांग फिटले पोरीचे… आम्हीच ओटी भरून तिची पाठवणी केली.

त्या दिवशी बाजारात ती भावजयीसोबत आली होती. गळ्यात सोन्याची सरी, अंगावर भारी लुगडं… आणि मान पुन्हा खाली. भावजय पलीकडे कापड बघत होती, तेवढ्यात ती मी विकायला मांडलेल्या माळांपाशी येऊन बसली. एकेक मणी बोटांत फिरवत राहिली.

"राधे, माह्या जाग्यावर कोन बसते वं आता?"

"मथुरा. नवीन हाये, पन चांगली शिकून राह्यली." मी अगदी कौतुकानं सांगितलं.

"बरं केलं…" ती म्हणाली, आणि माळ खाली ठेवली. भावजयीनं हाक मारली, तशी उठून गेली.

परतीच्या वाटेवर गाडी पूर्णा नदीच्या उताराला लागली आणि एकदम लक्षात आलं. ती मथुरेची चौकशी करत नव्हती… मी परत येऊ का, असं विचारत होती.

गाडी तिथूनच मागे परतवाड्याला फिरवली. भावानं ओसरीवर बसवलं, गूळपाणी दिलं. मी सरळच म्हटलं, "दादा, भिमाले न्यायले आली मी."

तो हसला. "तिले इथं काय कमी हाये? तिलेच इचारा ना." आणि त्यानं आत हाक मारली.

भिमा दारापाशी आली. उंबऱ्याकडे बघत म्हणाली, "मी काहून जाऊ? माह्या भावाचं घर हाये हे…"

भावासमोर दुसरं काय बोलणार होती ती? मी निघाले तेव्हाही तिनं वर पाहिलं नाही.

अकोल्याला येऊन सगळ्यांना हे सांगितलं. मथुरा तार भट्टीत धरून बसली होती. मान न वळवता म्हणाली, "त्या आल्या असत्या त मी सरकून बसली असती, बाई. जागा काय, होतेच."

खरंच… एवढंच तर बोलायला हवं होतं मी. त्या बाजारात, ती एकटी माझ्यासमोर बसली होती तेव्हा.