कोचचा अर्ज आणि साहेबांची सही

आमच्या घरात तीन माणसं राहतात असं कागदोपत्री दिसतं: मी, आमचे हे आणि मुलगी. प्रत्यक्षात कित्येक वर्षं चार जण राहत होतो, कारण ह्यांच्यात दोघं होते. एक कॉलेजच्या फुटबॉल संघाचा कोच आणि दुसरे त्याच कॉलेजचे क्रीडा संचालक. मी एकाला कोच म्हणायचे आणि दुसऱ्याला साहेब. दोघांचं एकमेकांशी फारसं पटत नसे.

सिंगापूरला आम्ही आलो ते माझ्या नोकरीमुळे. बुओना व्हिस्टाजवळच्या एका प्रयोगशाळेत मला काम मिळालं आणि हे माझ्या पासवर, बायकोवर अवलंबून असलेला नवरा म्हणून आले. पुण्यात कुणी विचारलं की सासूबाई म्हणायच्या, "तोही बघतोय तिकडे काहीतरी." आणि हे खरंच बघत होते. रोज संध्याकाळी एका कॉलेजच्या कुंपणाच्या जाळीबाहेर उभं राहून मुलांचा सराव बघत होते. तिसऱ्या आठवड्यात राहवलं नाही आणि जाळीतूनच ओरडले, "डावीकडचा मोकळा आहे." तेही मराठीत. तिथल्या म्हाताऱ्या कोचने त्यांना आत बोलावलं. आत गेले ते तेवीस वर्षांनी बाहेर आले.

नऊ वर्षांनी त्यांना क्रीडा संचालक केलं, तेव्हा आता कोचचं काम दुसऱ्या कुणाला द्या असं वरून सुचवण्यात आलं. "विचार करून सांगतो," हे म्हणाले. तो विचार पुढे चौदा वर्षं चालला.

खरी गंमत अर्जाची. मैदान हवं असेल तर कोचने अर्ज करायचा आणि संचालकांनी मंजूर करायचा, असा कॉलेजचा नियम. दुसरा कुणी असता तर एका दमात दोन सह्या ठोकून मोकळा झाला असता. ह्यांच्या खिशात दोन पेनं. कोच निळ्या पेनाने अर्ज भरणार, साहेबांच्या ट्रेमध्ये ठेवणार आणि सरावाला निघून जाणार. दुसऱ्या दिवशी साहेब खुर्चीत बसून तो अर्ज वाचणार, काळं पेन काढणार. एकदा साहेबांनी अर्ज चक्क फेटाळला. कारण लिहिलं, "दोन दिवस आधी दिलेला नाही." त्या संध्याकाळी कोचने भात परत घेतला नाही.

"बोलून बघा ना त्यांच्याशी," मी म्हटलं.

"ऐकत नाहीत गं," हे म्हणाले. चेहरा इतका गंभीर, की मला हसू आवरेना.

मुलगी तेव्हा शाळकरी होती. तिने ताटातून मान वर केली. "बाबा, युवर ओन फॉर्म ऑल्सो कॅन रिजेक्ट, आह?"

संघाबद्दल फार बढाई मारण्यासारखं नाही. तेवीस वर्षांत जिंकलेले सगळे चषक आमच्या एका फळीवर मावतात आणि त्याच फळीवर माझ्या लोणच्याच्या बरण्याही आहेत. पण आमच्या भागातल्या, बुकित पंजांगच्या हॉकर सेंटरमध्ये ह्यांच्याबरोबर जेवायला जाणं म्हणजे वैताग असतो. कुठून तरी पोट सुटलेला एखादा गृहस्थ येतो, "कोच" म्हणतो आणि हातातला ट्रे ठेवून ताठ उभा राहतो. हे त्याचं नाव विसरलेले असतात. दुखापत मात्र विसरत नाहीत. "डावा घोटा ना? आता कसा आहे?" असं विचारलं की तो गृहस्थ खूश. माझे नूडल्स तोवर गार.

वर्षअखेरीला पाऊस जोरात असतो. तेव्हा चार आठवडे मैदान बंद ठेवायचं, कडेने दोरी बांधायची आणि गवताला विश्रांती द्यायची हा नियम साहेबांचा. हा नियम होण्याआधी एका डिसेंबरात चिखलात सामना झाला होता. मुलींच्या संघातली सर्वांत वेगवान खेळाडू एका खड्ड्यात पाय मुरगळून पडली. उजवा गुडघा. ती पुन्हा खेळू शकली नाही. तो सामना कोचने मागितला होता आणि साहेबांनी मंजूर केला होता. त्या एका बाबतीत दोघांचं एकमत होतं आणि तेच दोघांना सलत राहिलं. ती मुलगी पुढे तिथेच मुलींची कोच झाली. त्या सामन्यानंतर दरवर्षी बांधलेली दोरी चार आठवड्यांच्या आधी कधी सुटली नाही.

निवृत्तीच्या वर्षी ह्यांनी जानेवारीत मैदानाचं वेळापत्रक केलं ते मागच्या वर्षीचं उतरवून काढलं. आपला शेवटचा शुक्रवार कधी येतो हे बघितलंच नाही. तो आला बरोबर गवताच्या विश्रांतीच्या मधोमध. जुन्या खेळाडूंनी मात्र त्याच शुक्रवारी निरोपाचा सामना ठरवला. कोण कुठून रजा टाकून येणार होता.

एक दिवस धुण्याच्या यंत्रामागे वर्तमानपत्रावर ह्यांचे फुटबॉलचे जुने बूट ठेवलेले मला दिसले, तेल लावून मऊ केलेले. त्या मैदानावर एकदा तरी आपल्या संघाच्या मुलांबरोबर खेळायचं त्यांच्या मनात होतं. इतकी वर्षं कडेला उभं राहून ओरडण्यात गेली होती.

कोचने निळ्या पेनाने अर्ज केला. साहेबांनी तो तीन दिवस ठेवून घेतला. त्या तीन दिवसांत हे नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी काळ्या पेनाने शेरा आला: नामंजूर, गवत विश्रांतीत आहे.

मी चिडले. "इतकी वर्षं त्या गवताची उस्तवार केलीत. त्याने एक संध्याकाळ तुम्हाला दिली तर काय बिघडणार आहे?"

"अगं, मी रिटायर होतोय हे गवताला कुठे माहीत आहे?"

सामना झाला तो आमच्या बिल्डिंगखालच्या छोट्या सिमेंटच्या कोर्टवर. शेजारून एलआरटीची गाडी जात होती आणि आतले लोक खिडकीतून बघत होते. चाळिशीतले बाप्ये धापा टाकत धावले. हेही दहा मिनिटं खेळले आणि एक गोल चुकवून खळखळून हसले. सिमेंटवर ते बूट चालत नाहीत म्हणून पायात फिरायला जायचे बूट होते. तेल लावलेली जोडी पिशवीतच राहिली. ती पिशवी माझ्या मांडीवर होती आणि मला फार वाईट वाटत होतं.

सोमवारी नव्या संचालक रुजू झाल्या. त्याच, उजव्या गुडघ्याच्या. पहिला निरोप ह्यांना आला: तासाभरासाठी मैदान उघडते, कोच, तुम्ही या. ह्यांनी उत्तर पाठवलं, "अजून दोन आठवडे बाकी आहेत."

दोन आठवडे झाले त्या सकाळी पिशवी घेऊन आम्ही दोघं कॉलेजला गेलो. ह्यांनी सवयीने फाटकावर कार्ड लावलं. फाटक उघडलं नाही. पुन्हा लावलं. फाटकावरचा गार्ड अंकल इतक्या वर्षांच्या ओळखीचा. त्याने ओशाळून पाहुण्यांचा फॉर्म पुढे केला. ह्यांनी खिशातून निळं पेन काढलं. 'भेटीचं कारण' या रकान्यापाशी बराच वेळ थांबले आणि मग लिहिलं: गवत बघणे.

अंकलने आत फोन केला. थोड्या वेळाने नव्या संचालक बाहेर आल्या, किंचित लंगडत. फॉर्म हातात घेऊन त्यांनी तो नीट वाचला.

"दोन दिवस आधी द्यायला हवा होता, कोच," त्या म्हणाल्या आणि काळ्या पेनाने सही केली.

मैदानाला नवी दोरी नव्हती, ह्यांनीच बांधलेली होती. ती त्यांनी सोडली. हे बाकावर बसून बूट घालू लागले. नाडीची गाठ दोनदा सुटली, तेव्हा मी खाली बसून बांधून दिली. गवत दाट आलं होतं, कुठे खड्डा दिसत नव्हता. हे उठले, कडेच्या पांढऱ्या रेषेपर्यंत गेले आणि तिथेच थांबले. जिथे इतकी वर्षं उभे राहिले, बरोबर तिथे. मग त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

"जाऊ?"

"अहो, सही झालीये," मी म्हटलं.