बिनसाखरेच्या वड्या

ही गोष्ट फार लहान आहे. ज्या वर्षांतली आहे, त्या वर्षांत आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात शेतकऱ्यांच्या ज्या बातम्यांनी येत होतं त्या सगळ्यांना ठाऊक आहेत. त्यापुढं एका नवऱ्यानं बायकोच्या वड्यांत साखर घातली हे सांगायला तोंड उघडावं का, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. पण मी जे केलं ते केलं, आणि आता बोलायचंच आहे तर ते नीट सांगावं.

मी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होतो. बोंडातला कापूस चिमटीत धरायचा, दोन्ही हातांनी हळू ओढायचा, धागा किती लांब येतो ते पाहायचं, ओल आहे का, कवडी, म्हणजे किडका पिवळा कापूस, किती आहे ते बघायचं आणि ग्रेड सांगायची. पुढं सरकारी खरेदीची घडी विस्कटली. कापूस खासगी जिनिंग कारखान्यांकडं वळला आणि आमच्या केंद्राच्या आवारात गवत वाढलं. मी रोज स्कूटरवर यवतमाळहून कळंबच्या रस्त्यानं केंद्रावर जायचो, मस्टरवर सही करायचो, चौकीदारासोबत बसायचो आणि दुपारी घरी यायचो. पगार मिळत होता, पण कामाचं विचारणारं कोणी नव्हतं. नोकरी सोडता येत नव्हती आणि करताही येत नव्हती. असं दोन हंगाम चाललं.

त्याच काळात बायकोला हर्निया निघाला. बाळंतपणाच्या जुन्या टाक्यांपाशी पोटाचा भाग बाहेर यायचा. ती हातानं आत दाबायची आणि पट्टा बांधून पोळ्या लाटायची. सर्जन म्हणाले, "या वजनावर मी हात लावणार नाही, टाके टिकणार नाहीत. दहा किलो उतरवा, शुगर आटोक्यात आणा, मग या. पण फार उशीर करू नका. आतडं अडकलं तर घाईत पोट उघडावं लागेल, आणि ते मला नको आहे." तेव्हापासून ती खोकतानाही पोटावर हात ठेवायची.

यवतमाळात तेव्हा एक आहार सांगणाऱ्या डॉक्टर मॅडम नव्यानं आल्या होत्या. त्यांनी लिहून दिलेला कागद वाचून आमच्या कॉलनीत हशा पिकला. साखर, गूळ, बिस्किटं, साबुदाणा बंद. ज्वारीची भाकर दोनाची एक. पण तूप दोन चमचे, जवसाची चटणी तेल घालून, मूठभर शेंगदाणे, ओलं खोबरं, अंडी, सायीचं दही. आणि चार वाजता चहाबरोबर बिस्किटाऐवजी कडू चॉकलेटचा एक तुकडा. त्या दिवसांत वजन म्हटलं की लोक आधी तेल बंद करायचे. शेजारच्या वहिनी तर भाजी नुसत्या पाण्यावर शिजवत होत्या.

"तूप खाऊन कोण बारीक झालं वं आजवर?" त्या म्हणाल्या. "असं असतं तर हलवाई सगळे काडीसारखे राह्यले असते."

"हलवायाले साखर जाड करते," बायको म्हणाली. "मॅडमनं सांगतलं. तुपानं पोट भरते, मंग हात डब्याकडं जात नाई."

ती कागदाप्रमाणं अगदी काटेकोर वागली. दर पंधरा दिवसांनी मी तिला केंद्रावर न्यायचो आणि कापसाच्या मोठ्या काट्यावर तिचं वजन करायचो. काटा तसाही रिकामाच होता. चौकीदार आकडा वाचून सांगायचा. पहिल्या महिन्यात तीन किलो उतरलं. ती काट्यावरून उतरत म्हणाली, "मंग साहेब, माही कोणती ग्रेड?"

"सुपर," मी म्हणालो. चौकीदार तोंडावर रुमाल धरून हसला.

कडू चॉकलेट मात्र तिला गेलं नाही. नागपूरहून येणाऱ्या एकाकडून मी एक मोठी वडी मागवली होती. तिनं तुकडा जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. "हे चॉकलेट आहे का काढा? मॅडमनं शिक्षा म्हणून लिहिलं अशीन." ती वडी फ्रीजच्या दारात तशीच राहिली.

मग संक्रांत आली. हळदीकुंकवाला ती चार घरी गेली. प्रत्येक घरी तिळगूळ, प्रत्येक घरी 'एकानं काय होते'. तिनं एकही खाल्ला नाही. घरी येऊन पदराची गाठ सोडून सगळे लाडू ताटलीत ओतले, माझ्यापुढं सरकवले आणि भिंतीला टेकून बसली. मी लाडू खाल्ला नाही, पण तिच्याशी बोललोही नाही. मला बोलता येत नाही, ही माझी जुनी तऱ्हा.

दुसऱ्या दिवशी मी मेन लाइनच्या बाजारातल्या बेकरीच्या सामानाच्या दुकानातून कोकोची पूड आणली. घरचं तूप, दुधाची पावडर, खोबऱ्याचा कीस आणि साखरेऐवजी मेडिकलमधल्या गोड गोळ्या कुटून. ताटलीला तूप लावून मिश्रण थापलं, फ्रीजमध्ये ठेवलं आणि वड्या पाडल्या. आयुष्यात मी स्वयंपाकघरात केलेलं ते पहिलं काम. तिनं एक वडी खाल्ली. "चांगल्या झाल्या," ती म्हणाली, आणि दुसरी घेतली नाही. गोळ्यांचा तो कडसर गोडवा घशात राहतो, ते मलाही लागलं होतं.

पुढच्या वेळी मी पिठीसाखर घातली. थोडी. असं मी म्हणतो, पण थोडी नव्हती, वाटी होती.

ती वडी तिनं तोंडात टाकली आणि तिचा चेहरा असा उघडला की मला दुसरीकडं पाहावं लागलं. "अहो! हे गोळ्यांचं आहे?"

"हाव," मी म्हणालो. "दुसऱ्या कंपनीच्या गोळ्या आहेत."

एवढंच खोटं बोललो. नंतर बोलावंच लागलं नाही, तीच बोलायची. कॉलनीत सांगायची, "आमच्या घरी हे करते, बिनसाखरेच्या वड्या, तोंडात इरघळते." बायका यायच्या. "भाऊजी, आमच्या ह्यायले शिकवा ना काही. पेपर वाचण्याच्या पलीकडं हात हालत नाई त्यायचा." समोरच्या काकू, शाळेतून रिटायर झालेल्या, वीस वर्षं शुगरच्या पेशंट. त्या दर रविवारी डबी घेऊन यायच्या. "मले कोणी गोड देत नाई रे बाप्पा. तूच एक देतं."

मी देत होतो. आज कबूल करतो की मला ते आवडत होतं. ज्या माणसाकडं केंद्रावर गाडीभर कापूसही येत नव्हता, त्याच्या दारात रविवारी डब्या यायला लागल्या होत्या. बायकोसाठी केलं असं मी स्वतःला सांगायचो. पहिल्या वाटीपुरतं ते खरं असेल.

कागदावर एक तुकडा होता. बिनसाखरेच्या म्हणून ती चार खायला लागली, मग सहा. फेब्रुवारीत काटा हलला नाही. त्यानंतरच्या वेळी दीड किलो वाढला. चौकीदारानं आकडा वाचला आणि लगेच म्हणाला, "काटा जुना आहे साहेब, कापूसबी जास्त दाखवते." ती हसली नाही. मॅडमकडं गेलो तर रक्तातली साखरही वाढली होती. त्यांनी शुगरची गोळी दुप्पट केली आणि पेन खाली ठेवून तिच्याकडं पाहिलं.

"ताई, तुम्ही काहीतरी खाताय आणि सांगत नाही आहात."

"देवाशपथ नाई मॅडम."

"सगळेच असं म्हणतात."

मी शेजारच्या खुर्चीवर होतो. हेल्मेट मांडीवर घेऊन बसलो होतो. त्या क्षणी दोन शब्द पुरले असते.

स्कूटरवर ती मागं बसून रडली. आवाज न करता, पण माझ्या शर्टाच्या पाठीला ओल कळत होती. आर्णी रोडच्या फाटकापाशी ती म्हणाली, "तूपच नडून राह्यलं मले. ते शेजारच्या वहिनी म्हणे तेच खरं. माया अंगाले तूप चालत नाई."

त्या संध्याकाळपासून तिनं तूप बंद केलं. मग जवसाची चटणी. मग शेंगदाणे. दह्यावरची साय चमच्यानं बाजूला काढून माझ्या वाटीत टाकायची. भाकरी अर्धी झाली. तिला धरून ठेवणारं जे जे होतं ते ती ताटातून काढत गेली, आणि भुकेनं कळवळली की दुपारी माझी वडी खायची, कारण तेवढी एकच गोष्ट तिला निर्धोक वाटत होती. मी समोर बसून हे बघायचो. माझ्या हातात कापूस दिला असता तर त्यातली कवडी मी डोळे मिटून काढली असती.

मी सांगायचं ठरवलं नाही असं नाही. रोज ठरवायचो. आधी साखर हळूहळू कमी करावी, मग सांगावं, असा एक मार्ग काढला. अर्धी वाटी घातली त्या दिवशी ती म्हणाली, "आज जमल्या नाई. तब्येत बरी नाई का तुमची?" तिनं माझ्या कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पूर्ण वाटी घातली. आवारातल्या गवतात बसून मी विचार करायचो की आतडं अडकलं तर ते कोणत्या दिवशी अडकेल आणि त्या दिवशी मी घरी असेन का. सर्जन नको म्हणाले होते तो उशीर होत चालला होता. घर आणि केंद्र, केंद्र आणि घर. दोन्हीकडं मी सही करून बसलेला होतो.

शेवटी मॅडमनीच माझी कोंडी केली. "रोज काय खाता ते सगळं लिहून आणा," त्या म्हणाल्या. तिनं लिहिलं. वड्यांवर त्यांचं बोट थांबलं. "सहा? बिनसाखरेच्या आहेत ना? ठीक. उद्या सकाळी उपाशी या. वड्या सोबत आणा. एक रक्त आधी घेऊ, मग नेहमीसारख्या वड्या खा, दोन तासांनी दुसरं घेऊ. तुमचंही समाधान होईल आणि माझंही."

ती खूश झाली. खरंच खूश झाली. तिला वाटलं, आता आपली सुटका होईल.

संध्याकाळी ती देवळात गेली तेव्हा मी नव्या वड्या केल्या. साखर न घालता. गोळ्या कुटून. फ्रीजमधल्या जुन्या वड्या मी कागदात गुंडाळून गल्लीच्या टोकाला टाकून आलो. इथं मला थांबून सांगावंसं वाटतं की तेव्हाही माझ्या मनात तिची शुगर नव्हती. मी पकडला जाऊ नये, एवढंच होतं.

सकाळी पहिलं रक्त झालं. तिनं डबी उघडली, वडी तोंडात टाकली, चावली आणि थांबली. मॅडमकडं नाही, माझ्याकडं पाहिलं. दुसरी वडी उचलून तिनं नाकाशी धरली, कोपरा मोडून जिभेवर ठेवला. मग तिनं डबीचं झाकण लावलं.

"आज यात काय नाई टाकलं तुम्ही?"

"साखर," मी म्हणालो.

मॅडमच्या खोलीत पंखा होता, तो फिरत होता. बायकोनं पोटावरच्या पट्ट्यावर हात ठेवला. "कवापासून?" एवढंच तिनं विचारलं. मी सांगितलं. मॅडमनी कागद पुढं ओढला आणि माझ्याकडं न बघता दुप्पट केलेली गोळी पुन्हा पहिल्यासारखी लिहिली. म्हणाल्या, "तूप सुरू करा ताई. आजपासून. चटणी, शेंगदाणे सगळं. तुमची काही चूक नव्हती." हे ऐकून ती तिथं रडेल असं मला वाटलं. रडली नाही. "हाव," म्हणाली.

घरी आल्यावर चप्पलही न काढता ती म्हणाली, "चला. ज्या ज्या घरी डबी गेली त्या त्या घरी सांगा. माह्यासमोर."

पाच घरं होती. तीन घरी लोक हसले, एका घरी बाई आत निघून गेली. काकूंकडं शेवटी गेलो. त्या पलंगावर बसून लसूण सोलत होत्या. मी सांगितलं. सोललेली पाकळी त्यांनी ताटलीत टाकली.

"मले माहीत होतं रे. वीस वरस गोळीचं गोड खाल्लं मी, मले काय कळत नाई? मी दोनच खात होती, बाकीच्या नातवाले. मले वाटलं तुया बायकोलेही माहीत अशीन. दोघं मिळून करून राह्यले, मंग मी कायले बोलू?"

बायको दारात उभी होती. "मलेच तेवढं माहीत नवतं काकू," ती म्हणाली. "मी इस्वास ठेवला होता."

त्या दिवसापासून तिनं स्वयंपाकघर परत घेतलं. सकाळी भाकरीवर तुपाचा चमचा, जवसाची चटणी, तेल, सगळं कागदाप्रमाणं. फ्रीजच्या दारातली ती नागपूरची कडू वडी काढली आणि रोज चार वाजता एक तुकडा तोंड वाकडं करत चघळला. महिनाभरानं तोंड वाकडं करणं थांबलं. वजन उतरायला लागलं. काट्यावर मात्र ती माझ्यासोबत आली नाही. मेडिकलच्या दुकानात एकटी जाऊन करून यायची आणि आकडा मला सांगायची नाही. मी विचारला नाही.

पावसाळा संपताना ऑपरेशन झालं. व्यवस्थित झालं. सर्जन म्हणाले, टाके छान बसतील, शुगर उत्तम आहे. तिसऱ्या दिवशी तिला पातळ खायची परवानगी मिळाली. नर्सनं वाटीत मुगाचं वरण आणि वर तूप घालून माझ्या हातात दिलं. "पेशंटला वाकू देऊ नका, तुम्ही भरवा."

मी चमचा भरला आणि तिच्या तोंडाशी नेला. तिनं मान वळवली नाही, रागावलीही नाही. सलाइन लावलेला हात सावकाश वर आणला, माझ्या बोटांतून चमचा काढून घेतला, आणि वरण थोडं अंगावर सांडत स्वतः खाल्लं.

"मी घेते," ती म्हणाली. "वाटी धरा तुम्ही."

मी वाटी धरली. आम्ही आजही एकत्र आहोत, भांडत नाही, ती बरी आहे. पण माझ्या हातून एक घासही तिनं त्यानंतर घेतलेला नाही.