खलनायकाच्या हिरड्या

"मॅडम, दात हालून राह्यले, पण पडत नाई. म्हणजे मजबूत हायेत ना?"

शालिकभाऊ माझ्या पवनीच्या दवाखान्यातल्या खुर्चीत आडवे होऊन विचारत होते. त्यांनी तोंड उघडलं आणि माझ्या असिस्टंटनं खिडकी उघडली.

शालिकभाऊ पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायक करतात. त्यांच्या हसण्याला गावंच्या गावं घाबरतात. त्या सीझनला मात्र हिरोइनच घाबरत होती, तेही फक्त जवळ उभं राहायला. म्हणून कंपनीचे मालक रतिरामभाऊ स्वतः सोबत आले होते.

"पोरगी तोंड फिरवून डायलॉग म्हणते, मॅडम. पब्लिकले वाटते, लाजून राह्यली. व्हिलनले कोणी लाजते काय?"

मी प्रोब घेतला. प्रोब म्हणजे खुणा केलेली बोथट सळई. निरोगी हिरडीत ती जराशी जाते आणि अडते. इथे ती थांबायचं नाव घेईना. दात आणि हिरडीमध्ये पडलेल्या अशा खोल फटीला आम्ही पॉकेट म्हणतो. शालिकभाऊंचे सगळे खिसे भरलेले होते. पू, रक्त आणि वर्षानुवर्षांच्या खर्र्याचा, म्हणजे तंबाखू-सुपारीचा, चुरा. एक्स-रेमध्ये दातांभोवतालचं हाड झिजलेलं दिसत होतं.

"आतापर्यंत काय उपचार केला?"

"सुजलं की मेडिकलमधून कॅप्सूल आणतो. उतरलं की बंद."

फारच शास्त्रशुद्ध! दातावरचं कीट घट्ट होऊन दगडासारखं टार्टर बनतं. त्यावरच्या चिकट थरात जंतू राहतात. गोळीचं औषध रक्तातून येतं, पण त्या थरात नीट शिरत नाही. वरवरचे जंतू मरतात, सूज उतरते, आतली वस्ती शाबूत. उकिरडा तसाच ठेवून माश्या मारत बसायचं, असा हा उपचार.

मी समजावून सांगितलं. डीप क्लीनिंग करावं लागेल. म्हणजे भूल देऊन हिरडीखालचं, मुळांवरचं टार्टर खरवडून काढायचं. आधी डावी बाजू, मग उजवी. बहुतेकांचं एवढ्यावर भागतं. यांना जागोजागी पू होता, म्हणून दोन्ही बाजू झाल्या की लगेच काही दिवस अँटिबायोटिक द्यायचं मी ठरवलं. आणि खर्रा बंद.

"गोळ्याच देऊन द्या ना आता," मालक म्हणाले. "सफाई सीझन झाल्यावर करू."

"सीझन झाल्यावर दात उरले तर करू."

डावी बाजू झाली. शालिकभाऊंनी आतून जीभ फिरवली आणि म्हणाले, "हलकं वाटून राह्यलं." उजव्या बाजूला ते आलेच नाहीत. माझ्या तोंडून ऐकलेलं गोळ्यांचं नाव मेडिकलवाल्याला सांगून त्यांनी उरलेला उपचार स्वतःच उरकला होता.

अड्याळच्या प्रयोगानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी ते दारात उभे. कानामागे रंग तसाच, उजवा गाल टम्म फुगलेला. मालक खुशीत होते.

"मेकअपच नाई लागला, मॅडम!"

शालिकभाऊ खाली बघत होते. "हासायचा सीन होता. तोंडच उघडलं नाई. काय आवाज निंगाला काय माईत, पब्लिकच हासली." मग हळूच म्हणाले, "मले दुसरं काही येत नाई, मॅडम."

 

मी त्यांच्या हातात आरसा दिला. डावीकडची हिरडी गुलाबी, दाताला धरून बसलेली. उजवीकडची जांभळी, पुवानं भरलेली. तोंड एकच, गोळ्याही त्याच.

"काहून असं?" त्यांनी विचारलं.

"डावीकडे मी घर झाडलं होतं. उजवीकडे तुम्ही नुसतं अत्तर शिंपडलं."

उजवीकडची एक दाढ वाचण्यापलीकडे गेली होती. ती काढली. बाकी बाजू साफ केली आणि मग गोळ्यांचा कोर्स दिला, पूर्ण घ्यायच्या अटीवर. या गोळ्यांवर दारू चालत नाही, असंही सांगितलं. त्यावर चेहरा मालकांचा उतरला.

शालिकभाऊ या वेळी चुकले नाहीत. तपासणीला येत राहिले, खर्राही सुटला. रक्त थांबलं, पॉकेट उथळ झाले, हालणारे दात बरेच घट्ट झाले. झिजलेलं हाड काही परत आलं नाही. ते येत नाही. पण हिरोइन आता समोर बघून डायलॉग म्हणते आणि शालिकभाऊ पोटभर हसतात.

मध्यंतरी बाजारात भाजी घेताना त्यांचा आवाज कानावर पडला. एका गाल सुजलेल्या गृहस्थांना ते अनुभवाचे बोल सांगत होते.

"मॅडमनं एक दाढ काढली. पण गोळ्या अशा पावरफुल, बाकीचे सारे वाचले!"

नव्या डेंटिस्टांनी एवढं लक्षात ठेवावं. वाचलेला दात गोळीचा असतो, गेलेला तुमचा.