लाखाच्या आत तेरा जणी

मी आयुष्यात एकदाच लिलावात बोली लावली, आणि तीसुद्धा नवरीच्या खुर्चीत बसून.

झालं असं, की दोन वर्षांपूर्वी दिवाळी सरल्यावर आमच्या भिवंडीत बायकांच्या हॉकीची स्पर्धा भरली. साधीसुधी नाही, पगारी. चार टीम, प्रत्येक टीमला एक मालक, आणि मालकाने बोली लावून खेळाडू घ्यायच्या. मग दोन महिने दर रविवारी मॅच. पण पगाराला लिमिट होतं. एका टीमने सगळ्या पोरींवर मिळून एक लाखाच्या वर जायचं नाही, गेलं की टीम बाद. नाहीतर इथे गोडाऊनवाल्यांना पैशाची काय कमी? एकानेच सगळ्या चांगल्या पोरी उचलल्या असत्या आणि बाकीच्या तिघांनी मैदानावर पाणी वाटलं असतं. एका पोरीला कमीत कमी पाच हजार द्यायचे. टीममध्ये बारा तरी हव्यात, चौदाच्या वर नकोत. एवढं समजलं की पुढचं सगळं समजतं. मला ते समजायला अर्धा लिलाव व्हावा लागला, ही गोष्ट वेगळी.

मी तिथे गेले होते सुनेबरोबर. आमची सून गोलकीपर. लग्नात तिच्या रुखवतात लोणची, पापड आणि विणलेल्या तोरणांच्या शेजारी गोलकीपरची दोन पॅडं ठेवली होती. पायाला बांधायची ती, केवढी थोरली. आमच्याकडच्या बायका विचारत होत्या, पाळण्यातल्या गाद्या एवढ्या आधीच दिल्या का म्हणून. पुढे दोन मुलं झाली, शाळेच्या ऑफिसात नोकरी लागली, आणि ती पॅडं माळ्यावर गेली. दहा वर्षं तिथेच होती. आता सदतिसाव्या वर्षी तिने ती खाली काढली, झटकली, गच्चीवर उन्हात टाकली आणि लिलावात नाव दिलं. मुलगा फक्त म्हणाला, गुडघे सांभाळ. त्यावर तिने त्याच्याकडे असं काही बघितलं, की त्यानेच आपले गुडघे चाचपले.

आमचे हे पण तिथेच होते. चाळीस वर्षं धाग्याच्या पेढीवर वही सांभाळली, म्हणून आयोजकांनी त्यांना स्टेजवर टेबल दिलं. कुठल्या टीमचे किती गेले, किती राहिले, हे लिहायचं काम. नवा पेन घेऊन गेले होते.

लिलाव होता धामणकर नाक्याजवळच्या मंगल कार्यालयात. आदल्या दिवशीच्या लग्नाची सजावट तशीच. चार मालकांना बसायला खुर्च्या म्हणून काय ठेवलं, तर नवरानवरीच्या लाल मखमली खुर्च्या. त्यातल्या तीन भरल्या, चौथी रिकामी. ती आमच्या बिल्डिंगखालच्या लूमवाल्या शेटची. मला त्याचा फोन आला, तो कशेळीला ट्रॅफिकमध्ये अडकला होता. सुरुवात मराठीत करायची आणि हिंदीत उतरायचं, ही त्याची पद्धत. म्हणाला, काकी, तुम्ही तिथेच आहात ना, माझ्या खुर्चीवर बसा, मैं एक घंटे में आता हूँ. मी म्हटलं, अरे, मला हॉकीतलं काय कळतं? तर म्हणतो, "हॉकी छोडो काकी. आप भाजी कैसे खरेदी करती हो, मैंने देखा है. बस लिमिट के बाहर नहीं जाना."

हे ऐकून माझी कॉलर ताठ झाली, म्हणजे साडीला असती तर झाली असती. मी चढले स्टेजवर. तेवढ्यात सून मागून आली. पदराला धरून तिने मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाली, "आई, एक ऐका. तुम्ही मला घ्यायचं नाही."

मी म्हटलं, का गं?

"सासूने घेतली असं नकोय मला. कोणीतरी माझा खेळ बघून घेतलं तर खेळेन. नाही घेतलं तर पॅडं परत माळ्यावर, आणि विषय संपला. शपथ घ्या."

तिथे नारळ होता सत्काराचा, त्यावर हात ठेवून शपथ घेतली. मनात म्हटलं, एवढी आमची पोर, कोणीतरी घेईलच की.

पहिली पोरगी आली स्टेजवर, कॉलेजातली, फॉरवर्ड. माइकवाला एरवी हळदीला गाणी म्हणतो, त्याने सुरात सांगितलं, पाच हजार. एक मालक म्हणाला सहा. दुसरा म्हणाला आठ. मी म्हटलं, चार.

हॉल हसला. माइकवाल्याने गोड आवाजात समजावलं, काकी, बोली वर जाते. मी म्हटलं, वर न्यायची घाई कोणाला आहे, पोरगी इथेच उभी आहे, पळून जातेय का? आधी बघू तरी. आणि मग, आता सांगायलाही लाज वाटते, पण समोर मंडप, फुलं, मी त्या खुर्चीत, आणि समोर मान खाली घालून उभी राहिलेली मुलगी. माझ्या तोंडून निघून गेलं, "स्वयंपाक येतो का?"

ती म्हणाली, "येतो, पण इथे मी सेंटर फॉरवर्ड खेळते."

पंचवीस हजारांना गेली ती. माझ्याकडे नाही.

मग मी ठरवलं. सकाळी सात वाजता मेथी घेणारी बाई मी नव्हेच. बाजार उठायच्या वेळी जाणारी. बाकीचे तिघं नुसते भडाभडा पैसे टाकत होते आणि मी मखमलीला पाठ टेकून बसले होते, आयोजकांनी दिलेली सामोशाची प्लेट मांडीवर. सगळ्यांना वाटलं, म्हातारी झोपली. आठ-दहा पोरी गेल्यावर मी ह्यांच्याकडे बघितलं. त्यांनी वहीतून मान वर करून डोळ्यांनी सांगितलं, की बाकीच्यांची निम्मी थैली रिकामी. तेव्हा मी हात वर केला. आणि मग काय, पाच म्हटलं की पाचला, सात म्हटलं की सातला. समोर बोलायलाच कोणी उरलं नाही. एक गोलकीपरही घेतली, चांगली भरलेली, हसरी, जाळीत उभी केली की निम्मी जाळी तशीच झाकली जाईल अशी.

एकीला मात्र महाग पडले. डोंगरपट्टीतल्या पाड्यावरची पोरगी, काटकी, बॅकला खेळणारी. सकाळच्या चाचणीत ती धावली तेव्हा तिच्यामागे धूळसुद्धा उशिरा पोचत होती. मी तिला पाच म्हटलं तशी तीच म्हणाली, "आजी, भाव नको पाडू. भातकापणीची मजुरी सोडून आलो हाय मी. काय फुकट न्हाय धावायची."

बरोबर होतं तिचं. आणखी एक मालक मध्ये पडला, आणि अठरा हजारांना मी तिला घेतली. ह्यांनी वहीत लिहिताना पेन जरा जोरात दाबला.

आणि मग आमच्या सुनेचं नाव पुकारलं.

ती स्टेजवर आली, केस बांधलेले, हातात स्टिक. वय सांगितलं, सदतीस. माइकवाला म्हणाला, पाच हजार. कोणी बोललं नाही. परत म्हणाला. मी खुर्चीचा हात असा धरला होता, की मखमलीत नखं रुतली. शपथ होती ना. तिसऱ्यांदा म्हणाला, पाच हजार, आणि मग तोच कसनुसा हसला आणि म्हणाला, दुसऱ्या फेरीत बघू. ती उतरली. चालताना मान ताठ होती, पण स्टिक जमिनीला घासत गेली, त्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

दुसऱ्या फेरीपर्यंत माझ्या तेरा जणी झाल्या होत्या. पंचाण्णव हजार गेले, पाच उरले. दोन टीम पूर्ण भरल्या, त्यांच्या मालकांनी वड्याकडे मोर्चा वळवला. उरले फक्त एक मालक, निवृत्त खेळाचे मास्तर. डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी, हॉलमध्येसुद्धा. त्यांनी पाच फॉरवर्डवर साठ हजार उडवले होते. अकरा पोरी झाल्या, आठ हजार हातात, आणि गोलकीपर एकही नाही. गोल करायला पाच आणि अडवायला कोणी नाही. विकायच्या राहिलेल्या गोलकीपर दोन. आमची सून, आणि एक एकोणीस वर्षांची, उंच, कोवळी. दोघीही पाच-पाच हजाराला.

सुनेचं नाव परत आलं. मास्तरांनी टोपी सरळ केली. म्हणाले, पाच.

माझ्या जिवात जीव आला. सासूने नाही, परक्याने घेतली. इथे मी गप्प बसायला हवं होतं. काम झालं होतं. पण बाई, मला ते पाच सोसवेना. मघापासून मी ज्या भावाने उरलेला माल गोळा करत होते, त्याच भावाने माझ्या घरची पोर चालली होती. रुखवतात पॅडं आणलेली पोर, आणि ती शेवटच्या जुडीसारखी जाणार? माझा हात आपोआप वर गेला.

"सहा," मी म्हटलं.

माझ्याकडे पाचच होते.

मास्तर आता गप्प राहिले तर शपथ मोडली, लिमिट मोडलं, शेटची टीम बाद आणि तेरा पोरींचा पगार पाण्यात. मास्तरांना काय, ती उंच कोवळी पाचला तयार उभी होती. सगळ्या हॉलमध्ये हे फक्त ह्यांना माहीत होतं, कारण वही त्यांच्यापुढे. मी तिकडे बघितलं. चाळीस वर्षांत ह्या माणसाने मालकाला एका पैशाचा घोळ करू दिला नाही. त्यांनी तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं, तोंड मिटलं. मग चष्मा काढला आणि धोतराच्या... नाही, धोतर कुठलं, पँटच घालतात, शर्टाच्या टोकाने पुसायला लागले. चष्मा नाही म्हणजे वही दिसत नाही, म्हणजे बोलायचा प्रश्नच नाही. एवढा वेळ पुसला, की मला वाटलं काच झिजेल.

माइकवाला म्हणाला, सहा एक वार. मास्तर त्या कोवळ्या पोरीकडे बघत होते. सहा दोन वार. मनात माझे सगळे देव आठवून झाले, सासरचे आणि माहेरचे. मग मास्तर सुनेकडे वळले आणि मलाच म्हणाले, "सकाळी चाचणीत ही जाळीतून ओरडत होती, ऐकलंत का तुम्ही? बॅकला कुठे उभं राहायचं ते तिलाच कळत होतं. गोलकीपर अशी ओरडणारी हवी. सात."

मी ऐकलं होतं की. चौदा वर्षं घरात ऐकतेच आहे. गॅस बंद करा, पंखा बंद करा, आई पायरी बघा.

खरं सांगते, माझा हात परत वर चालला होता. आठ म्हणायला. सवय लागली होती. तेवढ्यात ह्यांना असा खोकला आला, की माइकवाल्याने पाणी मागवलं. मी हात खाली घेऊन पदर सारखा केला. सात हजार, तीन वार.

सून उतरली तेव्हा स्टिक खांद्यावर होती.

शेट आला लिलाव संपल्यावर. तेरा नावं वाचून खूश झाला, पाच हजार वाचवले म्हणून तर फारच. घरी आल्यावर रात्रीची भाकरी थापताना सून शेजारी उभी राहिली आणि सहज विचारल्यासारखी म्हणाली, "आई, तुमच्याकडे पाचच होते ना?"

मी तव्याकडे बघत राहिले. म्हटलं, तुला काय माहीत?

"तिथे उभं राहून दुसरं काम काय होतं? सगळ्यांचे आकडे मोजत होते मी." मग एक ताट पुसून ठेवलं. "मास्तर थांबले असते तर?"

म्हटलं, नाही थांबले ना. पाच त्यांनीच म्हटलं होतं, माझ्या आधी. ते तुझं. पुढचे दोन माझे, आणि त्याबद्दल काय बोलायचं ते बोल.

ती हसायला लागली आणि ओट्याला टेकून हसतच राहिली, एवढी की भाकरी करपली, आणि मग भाकरी करपली म्हणून माझ्यावरच ओरडली.

पहिल्याच रविवारी मॅच लागली ती मास्तरांच्या आणि आमच्या टीमची. मी मालकांच्या रांगेत शेटच्या शेजारी बसले. समोरच्या जाळीत सून. तोंडावर जाळीचा टोप, त्यामुळे दिसत काही नव्हतं, पण ऐकू साऱ्या मैदानाला जात होतं. "डावीकडे जा. मागे ये. बघतेस काय?" आमची पाड्यावरची पोरगी बॅक असूनही बॉल घेऊन सुसाट निघाली, अडवायला कोणी नाही, आणि सून आपल्या बॅकवर कडाडली, "थांब तिथेच!" त्या आवाजाने आमची पोरगीही जागच्या जागी थांबली. शेजारी हे बसले होते, तेही पाण्याची बाटली उघडता उघडता थांबले. पुढे पेनल्टी कॉर्नरवर आमच्या पोरींनी तीनदा मारलं, तीनदा तिने पायाने परतवलं. तिसऱ्यांदा मी टाळ्या वाजवल्या. शेटने वळून बघितलं तेव्हा मी टाळ्या पदराखाली घेतल्या.

एक शून्यने हरलो आम्ही. शेट बराच वेळ समोरच्या जाळीकडे बघत होता. मग म्हणाला, "काकी, ये तो आपकी बहू है ना? घरची पोर. इसको क्यों नहीं लिया?"

म्हटलं, तुझ्याच लिमिटमध्ये बसली नाही रे. महाग आहे ती.

त्याने मान हलवली, पटल्यासारखी. पलीकडून सून पॅडं सोडत ओरडली, आई, उन्हात बसू नका, आणि मी खुर्ची उचलून सावलीत नेली.