पुसलेलं एरंडेल

लिहिण्याची मला सवय नाही. पण माझी नात गरिमा हिच्याबद्दलची एक गोष्ट मनात टोचते आहे, ती जमेल तशी लिहितो.

दहा वर्षांची असताना ती मल्लखांबावरून पडली आणि मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर पुन्हा फूलबागेजवळच्या आखाड्यात जाऊ लागली. कमरेइतक्या उंचीवर खांबाला पायांची अढी घालायची, उतरायचं, पुन्हा घालायची, वर्षभर एवढंच. मग खांद्याइतक्या उंचीवर. सहा वर्षं, तापाचे दिवस सोडून, रोज सकाळी. मी तिला सोडायला जायचो आणि खांबाकडे पाठ करून बसायचो. लाकडावर अंग घासल्याचा आवाज थांबला की माझे हात गार पडायचे.

"आजोबा, डर लगता है तो घरी थांबा ना."

"घरी जास्त लागतो," मी म्हणायचो.

यंदा गणपतीत ती पहिल्यांदाच लोकांसमोर खांबाच्या टोकावर, बोंडावर, उभी राहणार होती. त्या सकाळी आम्ही लवकर पोचलो. ती कपडे बदलायला गेली आणि मी इतक्या वर्षांत प्रथमच खांबाला हात लावला. हात सर्रकन घसरला. तेल! यावरून माझी पोर चढणार? कोणी पाहत नव्हतं. खांद्यावरचा पंचा काढला आणि हात पोचेल तिथवर खांब खसखसून कोरडा केला.

लोक जमले. गरिमाने सलामी दिली, तळवे खांबाला लावले आणि तिथेच थांबली.

"सर, एरंडेल नाहीये."

"मीच लावलंय, बेटा," संग्रामसिंह सर म्हणाले.

"होतं. आता नाहीये. कोरड्यावर कातडी अडकते. मनगट मोडलं तेव्हा मी तशीच पडले होते."

बोलताना तिची नजर माझ्या पंच्यावरच्या तेलकट डागावर गेली. तिचा हात इतका सरावलेला नसता, तर आज मीच तिला पाडलं असतं.

"आजोबा लावतील," ती सरांना म्हणाली.

मी सरांकडून बाटली घेतली. ती सांगेल तिथे, सांगेल तेवढं लावलं. मग ती चढली. या खेपेला मी पाठ फिरवली नाही; तेवढा हक्क मला उरला नव्हता. ती बोंडावर उभी राहिली, हात पसरले, आणि पाय जराही हलले नाहीत.

ती उतरेपर्यंत पंच्याचं टोक मी दातांत धरून होतो. एरंडेलाची चव अजून जिभेवरून जात नाही.