सांजोऱ्यांची पडशी आणि फटफटी

भुसावळच्या रेल्वेतला एक गोरा साहेब कायमचा विलायतेला निघाला आणि जाताना आपली फटफटी माझ्या गळ्यात मारून गेला. मी त्याच्या बंगल्यावर केळीचे घड पोचवत असे, एवढाच आमचा स्नेह. ती फटफटी मी गिरणाकाठच्या आमच्या गावात आणली त्या दिवशी दुभत्या म्हशी आटल्या, आटलेल्या पान्हावल्या आणि मारुतीच्या पारावरचा एक ठार बहिरा म्हातारा दचकून म्हणाला, "कोन हाका मारस रे?" माझ्या सांगण्यावर विश्वास नसेल तर त्या म्हाताऱ्याला विचारा, तो आता वारला, ही गोष्ट वेगळी.

तर गाडीला सगळं काही होतं. सामान ठेवायला मात्र चिमूटभर जागा नव्हती. साहेब खिशात पाइप घालून फिरायचा, त्याला पुरत असेल. मला पुरेना, कारण आखाजी आली होती.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके खेळतात, गाणी म्हणतात. त्यांना आणायला घरचा माणूस जातो, तो मुराळी. माझी धाकटी बहीण धुळ्याच्या पलीकडे, पांझरेच्या काठी दिलेली. तिच्या सासूने लागोपाठ दोन आखाज्या तिला धाडलं नव्हतं. बैलगाडी नेली तर म्हणायची, "येण्याजाण्यातच चार दिवस मोडतात, माझं घर कोण बघेल?" आगगाडीने नेतो म्हटलं तर म्हणायची, "चाळीसगावला गाडी बदलावी लागते म्हणे. त्या गर्दीत सूनच बदलून आली तर?" तिसऱ्या वर्षी पोरीने निरोप धाडला, या खेपेला नेलं नाही तर मला माहेर आहे हेच मी विसरून जाईन. आई दोन दिवस जेवली नाही. मी म्हटलं, फटफटी नेतो.

पण मुराळी रिकाम्या हाताने जात नाही. व्याहीणबाईंसाठी टोपलीभर सांजोऱ्या न्यायच्या, बहिणीला लुगडं न्यायचं. एका हातात टोपली धरून फटफटी हाकणं मी नदीच्या वाळूत करून पाहिलं. टोपली सुखरूप राहिली.

मग पिशवीचा शोध सुरू झाला. गावच्या मोच्याने चामड्याची अशी देखणी पेटी शिवली की कलेक्टरने तीत टोपी ठेवावी. आईने ती उंबऱ्याबाहेरच अडवली. "चामडामा सांजोऱ्या? व्याहीण त्या तुन्हा तोंडवर फेकी!" चामडं बाद झालं. त्यानंतर मी जळगावात घोड्याचा कापडी तोबरा घेतला आणि पुढच्या दिव्याखाली टांगला. नमुन्यादाखल आत गूळ ठेवून तिथल्या बाजारातून चक्कर मारली आणि गावाकडे निघालो. वळून पाहतो तर टांग्याचं एक घोडं तोबऱ्यावर नजर लावून टांग्यासकट माझ्या मागे! टांग्यात एक वकील. ते कोर्टाऐवजी आमच्या गावात उतरले आणि खळ्यात दुपारचं जेवून गेले.

शेवटी आबा पुढे आले. आबा म्हणजे गावातले जुने गाडीवान. माळव्यापर्यंत बैलांवर माल लादून नेलेला माणूस. त्यांनी घरातून लोकरीची पडशी काढली, दोन्ही बाजूंना खण असलेली. बैलाच्या पाठीवर टाकतात तशी ती मागच्या बैठकीवर टाकली आणि तागडी मागवली.

"तागडी कशाला, आबा?"

"दोन्ही खण सारखा नकोत का? एक बाजूले वझं घालं ते बैल लंगडस."

"आबा, हा बैल नाही."

"म्हनीसन ते! बैल लंगडस तरी. हाई लोखंड काय सांगी?"

मी तागडी आणली. उजव्या खणात सांजोऱ्या, डाव्या खणात लुगडं. ते हलकं भरलं म्हणून त्यावर भरताची वांगी, अशी काट्यावर जोखून पडशी भरली. मग आबांनी गुडघा लावून ती आवळली. त्यांचा दुसरा नियम असा, की ओझं जनावराच्या पोटाला चिकटून पाहिजे, लोंबलं तर पाठ सोलतं. त्यांनी काथ्याची दोरी गाडीच्या पोटाखालून घेतली, ती इंजिनाला लागून लगेच जळाली. मग बैलगाडीची साखळी घेतली. उजवा खण त्यांनी असा काही दाबून बसवला की तो धूर सोडणाऱ्या नळीला चिकटला. आबांनी मागे सरून पाहिलं आणि म्हणाले, "आते गच्च बसना."

मी पहाटे निघालो. एरंडोलपर्यंत सगळं ठीक. पारोळ्याच्या पुढे तुपाचा घमघमाट सुटला आणि गावोगावची कुत्री मला वेशीवर घ्यायला आणि पुढच्या वेशीपर्यंत पोचवायला येऊ लागली. वैशाखाचं ऊन असं, की धुळ्याच्या रस्त्यावर माझी सावलीसुद्धा झाडाखाली थांबली; मी एकटाच पुढे गेलो.

दुपार कलता व्याह्यांच्या दारात उतरलो. बहीण दाराआड उभी, तिने आधीच लुगड्याचा पदर खोचलेला. सासू ओट्यावर, तोंडात नकार तयार. मी लुगडं, वांगी ओट्यावर ठेवली आणि सांजोऱ्या पुढे केल्या. म्हातारीने एक उचलली आणि "माय व!" करून खाली टाकली. बोट भाजलं होतं.

"कव्हय निंघना तू?"

"सकाळी, मावशी."

"सकायना निंघना, आनि आजून गरम?" तिने शेजारणींना हाक मारली. "दखा व दखा! मन्हा चुल्हावरनी भाकर ताटमा पडस तवपावत थंडी व्हई जास. आनि ह्या गिरणाकाठथून उन्यात, धूर निंघी ऱ्हायना!"

शेजारणींनी एकेक सांजोरी चाखली. नळीची बाजू मला ठाऊक होती. पण त्या चार बायांसमोर इंजिनाची रचना समजावत बसणं मला बरं दिसेना.

"इतली पळस ही गाडी," म्हातारी म्हणाली, "मंग चार दिन मोडाना सवालच नही. लई जा तुन्ही बहिनले."

पोर दाराआडून अशी आली की दाराला कळलंही नाही. ती मागे एका अंगाला पाय सोडून बसली. तोच म्हातारी कडाडली, "थांब! दुसरी बाजूले काय?" तीही शेतकऱ्याच्या घरातली. तिने घरात जाऊन जात्याची वरची तळी उचलून आणली आणि पडशीच्या रिकाम्या खणात घातली. गाडी जमिनीत वीतभर रुतली.

"तळी ई, म्हंजे सून ई," म्हातारी गोड आवाजात म्हणाली. "मन्ही खात्री ऱ्हाई."

धुळं मागे पडलं. बहीण एकदम हसत सुटली. एवढी की मला गाडी थांबवावी लागली.

"काय झालं गं?"

"भाऊ, खालनी तळी तठे, वरनी आपलाजोडे. आते तठे दळी कोन, आनि कसावर?"

आखाजी झाली. चिंचेला बांधलेला झोका उतरेना. पांझरेकाठचं सगळं घर शेजाऱ्यांकडे पीठ मागून थकलं, तेव्हा एक गाडीवान निरोप घेऊन आला: "सूनले ऱ्हाऊ द्या आखो आठ दिन. तळी पहिले धाडा."

बहिणीने झोका थांबवलाही नाही. वरूनच ओरडली, "त्यास्नी सांगा, तळी बी माहेरले उनी शे. आम्ही दोन्ही संगेच ईसूत!"