साडूंचं घरचं पोस्टिंग

माझ्या साडूंइतक्या शिस्तीत चुका करणारा माणूस या पृथ्वीतलावर दुसरा नसेल. फौजेतून हवालदार म्हणून पेन्शनीत येऊन ते वडूजला परतले आणि चाळिशी ओलांडल्यावर त्यांनी जाहीर केलं, की आपण आता कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहिणार. तासगावला आमच्या सासरवाडीत हे ऐकून सगळ्यांनी आधी एकमेकांकडे आणि मग मेहुणीबाईंकडे पाहिलं. पेन्शनीत आलेल्या फौजीने बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभं राहायचं, हा आमच्याकडचा रिवाज. सासऱ्यांनी ओळखीने तशी एक नोकरी बघूनही ठेवली होती. साडू म्हणाले, "आबा, उभी हयात दुसऱ्याच्या दारात हुबा ऱ्हायलो. आता आपल्या दारात बसायचं हाय. घरात बसून पगार देणारं मला ह्ये एकच काम दिसतंय." त्यांची मुलगी प्राजू तेव्हा नववीत होती. तिच्या लहानपणी हा बाप म्हणजे सुटीवर येणारा पाहुणा. बोलू लागली तेव्हा तिने त्यांना 'काका' अशी हाक मारली होती. हे ते हसत सांगत, पण सांगून झाल्यावर थोडा वेळ मिशी चोळत बसत.

मग वडूजच्या एका क्लासात, मिसरूड न फुटलेल्या पोरांच्या शेजारी, साडू पहिल्या बाकावर बसू लागले. घरी खिडकीशी टेबल आलं. पहाटे धावून येऊन, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट खोचून ते संगणकासमोर जात. लुंगीवर प्रोग्रॅम लिहिणं हा त्यांच्या लेखी गुन्हा होता. काही चुकलं की पडद्यावर लाल अक्षरं उमटतात. इतर लोक कपाळाला हात लावतात, साडू त्या ओळीची झडती घेत. "कोण हाय रं त्यो? फुडं ये. कुठनं आत शिरलास?" ही चौकशी मी एकदा बाहेरून ऐकली आणि घरात चोर सापडला असं समजून अनवाणी आत धावलो. चूक सापडली तरी लगेच दुरुस्त करायची नाही. आधी ती कुणाच्या हलगर्जीपणाने झाली हे ठरवायचं. ती नेहमी त्यांच्याच हलगर्जीपणाने झालेली असे, आणि मग साडू स्वतःला शिक्षा म्हणून अंगणाला फेऱ्या मारायला लावत. आज काम कसं चाललंय हे आळीतल्या बायकांना त्या फेऱ्यांवरूनच कळे.

त्यांचा पहिला खरा प्रोग्रॅम सासऱ्यांच्या बेदाण्याच्या शेडसाठी होता. कुठल्या रॅकवर द्राक्षं कधी टाकली, ती कधी काढायची, हे सगळं मोबाइलवर दिसायचं. दिसायचं अगदी बरोबर, पण दर वेळी फोन आधी खणखणीत आवाजात "जय हिंद" म्हणायचा आणि मगच माहिती द्यायचा. सासरे प्रत्येक जयहिंदला खाटेवरून उठून उभे राहत. "तुम्ही कशाला उठता, आबा?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "त्यो मान देतुया, आन मी लोळत घिऊ व्हय?" हंगाम संपेपर्यंत त्यांचे गुडघे धरले. माझ्या बायकोने साडूंना ते जयहिंद काढून टाकायला सांगितलं. साडूंनी आवाज कमी केला, काढलं नाही.

नोकरी मात्र मिळेना. वय बघूनच अर्ज बाजूला पडत असावेत. प्राजू दहावी झाली, बारावीला आली. सासरे अधूनमधून बँकेच्या दाराची आठवण करून देत आणि साडू मान खाली घालून ऐकून घेत. त्यांना असं बघणं मला जड जाई. शेवटी शीतगृहांसाठी प्रोग्रॅम करणाऱ्या पुण्याच्या एका लहान कंपनीने बेदाण्याचं काम पाहून मुलाखत ठेवली, व्हिडिओवर. त्या दिवशी मी वडूजलाच होतो, दाराआडून बघत होतो. पडद्यावर बाई दिसताच साडू ताडकन उठून सावधानमध्ये उभे राहिले. बसा असं कुणी म्हटलं नाही. समोरचा उभा आहे हे पुण्यात बसलेल्या माणसाला सुचणार कसं? निम्मी मुलाखत त्या बाईंनी पट्ट्याच्या पितळी बक्कलाशी बोलून काढली. मग संकोचून म्हणाल्या, "सर, तुमचा चेहरा दिसला तर बरं होईल."

"बसायची परवानगी हाय का, मॅडम?"

बाई हसल्या. मग त्यांनी विचारलं, या वयात हे का शिकलात? साडूंनी बरीच उत्तरं घोकून ठेवली होती. ती सगळी विसरून ते म्हणाले, "पोरगी रोज डोळ्याम्होरं पायजे, मॅडम. लय वरसं न्हवती. बाकी काय न्हाई."

नोकरी लागली, घरूनच काम. आणि त्याच पावसाळ्यात प्राजूला मिरजेला नर्सिंगला प्रवेश मिळाला. शीक म्हणून तिच्या मागे लागले होते ते साडूच, तेव्हा नको तरी कुठल्या तोंडाने म्हणणार? मी सांगलीत राहतो, म्हणून तिला वसतिगृहावर सोडायला मीही गेलो. आत जाईपर्यंत साडू तिला चढ्या आवाजात सूचना देत होते. ती दिसेनाशी झाल्यावर मात्र समोरच्या चहाच्या गाड्यापाशी जाऊन उभे राहिले आणि चहा सांगायचं विसरले.

परवा दुपारी त्यांचा फोन आला. "पाव्हणं, प्राजूला सुटी कवा हाय, जरा इचारून सांगा. मी इचारलं तर तिला वाटंल, बाप हळवा झाला."

"अहो, झालाच आहात," मी म्हणालो.

साडू म्हणाले, "सुटी संपली की मी निघायचो, तवा प्राजूची आय दारात हुबी ऱ्हायची. मी आपला गाडीत बसलो की झोपायचो. मागं ऱ्हाणाऱ्याचा दिस कसा जातो, ह्ये आत्ता कळतंय. हिनं इतकी वरसं कशी काढली असतील वो?"

तेवढ्यात पलीकडून मेहुणीबाईंची हाक आली, "आवं, जेवाय या, भाकरी गार हुतीया." फोन बंद करायचं साडू विसरले असावेत. मेहुणीबाई आजवर कधी त्यांच्याआधी किंवा त्यांच्याबरोबर जेवलेल्या नाहीत, हे मला ठाऊक आहे. ताट सरकवल्याचा आवाज झाला आणि मग साडू म्हणाले, "तुजंबी वाढून घे की. संगं बसू."